ईको, खंड्या, साखर आणि कोकणातल्या मैत्रिणी

मारुतीची ईको व्हॅन घेतल्यापासून सगळे एकच विचारतात, कुत्रा आणि मांजर दोघांना घेऊन फिरता ते ठीक आहे पण राहता कुठे? तर मी आणि नवरा मैत्रिणींच्या अंगणात राहतो. खरंच. गाडी अंगणात लावायची, रात्री गाडीतच झोपायचं, आणि दिवसभर मैत्रिणीच्या घरात. फेब्रुवारीत श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशी मोठी चक्कर झाली त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, आज बसलेय.

आधी मैत्रिणींचं सांगते. 1996 ला दहावी झाल्यावर आम्ही चौघी वेगवेगळ्या गावांतून पुण्यात अकरावी-बारावीला आलो आणि सदाशिव पेठेत एका वाड्यात कॉट बेसिसवर राहिलो. ज्यांनी हे केलंय त्यांना जास्त सांगायला नको, एक कॉट, कॉटखाली ट्रंक, भिंतीतलं अर्धं कपाट, आणि मेसचा डबा. रविवारी रात्री एसटीडी बूथवर रांग, कारण तेव्हा दर कमी असायचा. दोन वर्षांनी सगळ्या पांगलो. एक दापोलीला कृषी विद्यापीठात गेली ती तिकडचीच झाली, एक व्हेटर्नरीला गेली आणि आता गुहागरजवळ जनावरांची डॉक्टर आहे, एक लग्न होऊन श्रीवर्धनला. मी राहिले पुण्यात. लग्नं, बारशी, मग कोणाचे वडील गेले तेव्हा धावत जाऊन आलो तेवढंच. व्हॉट्सअपवर रोज गुड मॉर्निंग, पण निवांत बसून बोलणं नाही म्हणजे नाहीच.

आणि याचं कारण नुसतं वेळ नाही हे नव्हतं, हे मला नीट सांगायचंय. आमच्याकडे खंड्या आहे, देशी कुत्रा, आता म्हातारपणाकडे झुकलेला, आणि साखर, पांढरी मांजर. खंड्याला बोर्डिंगमध्ये ठेवलं की तो खाणं सोडतो. हॉटेलवाले कुत्रा म्हटलं की नाही म्हणतात आणि मांजराचं तर विचारूच नका. मग राहायचं तर मैत्रिणीकडे. पण कोकणातल्या घरात सासूबाईंचं सोवळं असतं, मुलांच्या परीक्षा असतात, आणि आपण गेलो की ती बिचारी स्वतःची बेडरूम देणार, नवीन चादरी काढणार, पहाटे उठून घावन घालणार. तिथे वर अजून कुत्रा-मांजर घेऊन उभं राहायचं हे मनाला पटायचं नाही. मग काय व्हायचं, जेवणापुरतं जाऊन यायचं, म्हणजे जेवणं होईपर्यंत ती स्वयंपाकघरात आणि जेवणं झाली की आपण चपला घालून दारात. गप्पा दारात उभ्या उभ्याच.

गाडीने हे सगळं बदललं. आता मी फोनवर सांगते, अगं काही करू नकोस, फक्त गाडी लावायला जागा आणि पाण्याचा नळ दे. बस. आमची झोपायची, प्राण्यांची, खाण्याची सोय गाडीत आहे त्यामुळे तिच्या घराची घडी मोडत नाही. आणि तिच्या घराची घडी मोडत नाही म्हणून आपल्याला अजून एक दिवस राहा म्हणते, ते मनापासून म्हणते.

गाडीचं थोडक्यात सांगते कारण खूप जण विचारतात. साधी 5 सीटर ईको, कापलेलं वेल्ड केलेलं काही नाही, कायद्याने ते करायचंही नसतं. प्लायची खोकी आणि वर फळ्या, त्यावर गादी. खोकी काढली की गाडी होती तशी. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे पुढे पायाशी चांगलंच गरम होतं, म्हणून प्राणी कायम मागे. साखरेचा पिंजरा ड्रायव्हरच्या सीटमागे पट्ट्याने बांधलेला, तिचा वाळूचा टब फळीखाली. खिडक्यांना वेल्क्रोने लावलेली जाळी. ईकोचं दार सरकतं असल्यामुळे एक नियम पक्का, साखर पिंजऱ्यात किंवा पट्ट्यात असल्याशिवाय दार उघडायचं नाही. मांजर नवीन जागी सुटलं तर घाबरून कुठेतरी शिरतं आणि हाक मारली तरी येत नाही, कुत्र्यासारखं नाही ते. घाट असेल तर दोघांनाही निघायच्या आधी तीन-चार तास खायला नाही, पाणी फक्त. आणि उन्हात बंद गाडीत एक मिनिट पण सोडायचं नाही. बाहेर 30 अंश असेल तर अर्ध्या तासात आत 45 च्या वर जातं, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो नुसता धापा टाकत राहतो. चहाला थांबलो तरी आमच्यातला एक जण गाडीपाशी.

ताम्हिणीतून खाली उतरलो, माणगाव, म्हसळा आणि श्रीवर्धन. घाटात खंड्याने एकदा कूं केलं तेवढंच.

श्रीवर्धनची मैत्रीण म्हणजे आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी. तिची पोफळीची वाडी आहे, श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे ती हीच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ बरोबर या पट्ट्यावर आलं, ताशी 110 किलोमीटरच्या वर वारा होता, आणि तिच्या सासऱ्यांनी लावलेली वाडी एका दुपारी आडवी झाली. आम्ही तेव्हा लॉकडाऊनमध्ये घरात, तिचा फोन कितीतरी दिवस लागत नव्हता, आणि लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली की आम्ही सगळे बरे आहोत. बाकी काही नाही. त्यावर पुढे कधी विषयच निघाला नाही, मी विचारायचं टाळलं असं नाही पण फोनवर काय विचारणार.

ते या वेळी निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाडीत शिपणं करायला गेली तेव्हा मी आणि खंड्या तिच्या मागे. पाटातून पाणी सोडत सोडत ती एकेक जागा दाखवत होती, इथे जायफळ होतं, इथे मिरीचे वेल होते पोफळीवर चढवलेले, हा माड तेवढा वाचला. पडलेली झाडं कापून बाहेर काढायलाच कित्येक महिने गेले म्हणे, एकावर एक इतकी पडली होती की वाडीत शिरायला वाट नव्हती. सासरे रोज सकाळी कडेला खुर्ची टाकून बसायचे आणि काही बोलायचे नाहीत. पुढच्या वर्षी ते गेले. सुपारीला फळ धरायला पाच ते सात वर्षं लागतात, म्हणजे तेव्हा लावलेली रोपं आत्ता कुठे धरायला लागलीत. तिने एका झाडाचा पहिला घड मला दाखवला, फार मोठा नव्हता, हिरव्या सुपाऱ्या, आणि त्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबांना बघायला मिळायला हवं होतं गो." तेवढं बोलली आणि पुढच्या पाटाकडे गेली. हे मला जेवणापुरतं आलं असताना कधीच ऐकायला मिळालं नसतं. अशी माणसं कामात असताना बोलतात, समोर बसवून विचारलं की नाही बोलत.

तिच्या सासूबाईंचं सांगायलाच हवं. काकू ऐंशीच्या पुढच्या, कडक. मी आधीच सांगून टाकलं होतं की काकू, प्राणी घरात येणार नाहीत, गाडीतच राहतील. त्या म्हणाल्या बरं. संध्याकाळी ओटीवर बसल्या होत्या आणि साखर गाडीच्या जाळीतून त्यांच्याकडे टक लावून बघत होती. दोघी बराच वेळ एकमेकींकडे बघत होत्या. मग काकू म्हणाल्या, "अगो ती बांधून का ठेवलीय, आण तिला इकडे." पट्टा घालून आणली तर सरळ त्यांच्या पायाशी जाऊन बसली. तेव्हापासून रोज संध्याकाळी वाटीभर दूध घेऊन काकू ओटीवर हजर. दुधाने मांजराचं पोट बिघडू शकतं म्हणून मी हळूच अर्धं पाणी घालत होते, पण त्यांना नको म्हणायचं माझ्या मनात आलं नाही.

खंड्यावर मात्र लक्ष ठेवावं लागलं कारण अंगणभर असोल्या, म्हणजे सालासकटच्या, सुपाऱ्या वाळत घातलेल्या, आणि त्याला गोल काही दिसलं की तोंडात धरायची सवय. सुपारी कुत्र्याला चालत नाही एवढं माहीत होतं, का ते पुढे गुहागरला कळलं.

तिथून हरिहरेश्वर करून बागमांडल्याला आलो आणि जेट्टीवरून फेरीबोटीने सावित्री ओलांडली. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथे समुद्राला मिळते, अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे वेश्वीला रत्नागिरी. बोटीचा लोखंडी रॅम्प धाडकन खाली पडला तेव्हा खंड्या घाबरला, पण बोट चालू झाल्यावर खिडकीतून नाक बाहेर काढून उभा राहिला. मासळीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या दोन मावश्या साखरेला बघायला आल्या आणि एकीने विचारलं हिला मासे घालता की नाही, मी म्हटलं घालते की, तर तिने टोपलीतल्या मांदेल्या काढून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

वाटेत वेळास. इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावाला बरोबर घेऊन हे काम उभं केलं आणि 2006 पासून कासव महोत्सव होतो. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, आणि ती उकरून खाणाऱ्यांमध्ये कोल्ह्यांबरोबर कुत्रे पण असतात. म्हणून खंड्या किनाऱ्यावर गेला नाही. पट्ट्यात पण नाही. आम्ही आळीपाळीने गेलो, एक जण गावात गाडीपाशी थांबला. पिल्लं सोडताना दोरीच्या अलीकडे सगळे गप्प उभे असतात आणि ती टिचभर पिल्लं वाळूवरून आपली आपण पाण्याकडे निघतात, ते बघून आलेला माणूस कुत्र्याला तिथे मोकळा सोडणारच नाही. जे लोक फोटोसाठी सोडतात त्यांनी कृपा करून या तीन-चार महिन्यांत तरी सोडू नका, वेळासलाच असं नाही, आंजर्ल्याला पण घरटी असतात.

दापोलीची मैत्रीण एकदम उलट, बडबडी. तिची आणि तिच्या मिस्टरांची हापूसची बाग आहे, शिवाय विद्यापीठात शिकल्यामुळे रत्ना, सिंधू या जातींची आंब्याची झाडं पण हौसेने लावलीत, सिंधूची बाठ, म्हणजे कोय, कागदासारखी पातळ असते ते ती येईल त्याला सांगते. फेब्रुवारी म्हणजे मोहोर सरत आलेला, काही फांद्यांवर सुपारीएवढ्या कैऱ्या आणि घरात फक्त हवामानाची चर्चा. मळभ आलं की तुडतुडे, ऊन तापलं की फुलकिडे, अवकाळी आला की सगळंच. आम्ही अंगणात गाडी लावली तेव्हा तिच्या मिस्टरांनी पहिलं वाक्य हे सांगितलं की कालच फवारणी झालीये, कुत्र्याला बागेत सोडू नका, गवताला तोंड लावेल. आणि दुसरं वाक्य, रात्री बाहेर बांधू नका. त्यांचा स्वतःचा कुत्रा दोन पावसाळ्यांपूर्वी पडवीतून बिबट्याने नेला. साखळी तुटलेली सापडली सकाळी. ते सांगताना त्यांनी खंड्याच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि तो काढला नाही बराच वेळ. इकडच्या गावांमध्ये बिबट्याला कुत्रा ही सोपी शिकार असते, तेव्हा कोकणात कुत्र्याला घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, अंधार पडला की आत. खंड्या रात्रभर आमच्या पायाशी, आणि एकदा मध्यरात्री उठून जाळीकडे तोंड करून गुरगुरला तेव्हा आम्ही दोघंही उठून बसलो होतो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. दापोलीची आणि गुहागरची, या दोघी नकाशावर शेजारी आहेत. मध्ये फक्त दाभोळची खाडी, म्हणजे वाशिष्ठी नदीचं मुख. दाभोळ-धोपावे फेरी आहे, दहा-पंधरा मिनिटांत गाडी पलीकडे, नाहीतर खेड-चिपळूणवरून वळसा घातला की शंभर किलोमीटरच्या वर जातं. आणि तरी या दोघी कितीतरी वर्षांत भेटलेल्या नाहीत! भांडण नाही, काही नाही. एकीच्या मागे बाग, दुसरीच्या मागे दवाखाना, आणि एक दिवस काढून पलीकडे जायचं तर घरातल्या कोणाची तरी गाडी मागायची, स्वयंपाक करून ठेवायचा, संध्याकाळच्या आत परत यायचं. मी म्हटलं चल, गाडीत बस. ती म्हणाली फवारणी, माणसं, जेवण. तिचे मिस्टर म्हणाले मी भात लावतो कुकरला, तू जा. तिने एका पिशवीत साडी, ब्रश आणि आमसुलं कोंबली आणि आमच्या ईकोत खंड्याशेजारी येऊन बसली. नवरा पुढे एकटाच चालवत होता आणि आम्ही दोघी मागे गादीवर मांडी घालून, साखरेचा पिंजरा मध्ये. दाभोळ येईपर्यंत तिचं तोंड बंद नव्हतं, आणि वाशिष्ठीवर बोट आली तेव्हा ती एकदम गप्प झाली, आणि मग म्हणाली अगं मी माहेरी पण इतक्या सहज गेले नाहीये गं.

गुहागरच्या डॉक्टरीणबाईंना आम्ही सांगितलं नव्हतं ती पण येतेय म्हणून. गाडीचं दार सरकवलं आणि ही उतरली. पुढचं काय लिहू, दोघी रडल्या, मी पण रडले, खंड्या भुंकत सुटला.

डॉक्टरीण मात्र पाचच मिनिटांत कामाला लागली. खंड्याला फरशीवर बसवून ओठ वर केला, हिरडीवर अंगठा दाबला आणि सोडला. दाबलं की तिथे पांढरं पडतं आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवं. झालं. मग कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवली आणि कानामागून एक गोचीड काढून आमच्यासमोर धरली. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची म्हणे, चिरडायची नाही, रॉकेल वगैरे लावायचं नाही. कोकणात फिरताना रोज रात्री असं चाचपायचं, कारण गोचीड ताप आला की कुत्रा आधी खाणं सोडतो, हिरड्या फिक्या पडतात, कधी लघवी गडद होते, आणि आपण प्रवासाने दमला असेल म्हणून दोन दिवस घालवतो. तेच दोन दिवस महागात जातात. आणि घरातली पॅरासिटामॉल द्यायची नाही, मांजराला तर अजिबातच नाही, त्यांच्यासाठी ती विषच. सुपारीचं पण तिनेच सांगितलं, सुपारीत अ‍ॅरेकोलीन असतं, पूर्वी कुत्र्यांचे जंत पाडायला तेच औषध म्हणून वापरायचे, पण मात्रा जरा जास्त झाली की लाळ, उलट्या, हातपाय लटपटणं. चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं.

हे सगळं ती सांगत होती आणि दापोलीची माझ्या कानात म्हणाली, अकरावीत हीच ना गं जी झुरळ आलं की कॉटवर चढायची. हीच! आता रात्री-अपरात्री स्कूटरवर बसून गोठ्यात जाते, अडलेल्या गायीचं वासरू खांद्यापर्यंत हात घालून सोडवते. आम्ही असताना पण एकदा पहाटे फोन आला आणि गेली. परत आली ती हात-पाय धुऊन आमच्या गाडीत चहाला बसली, आम्ही तिघी गादीवर पाय पसरून, सरकतं दार जाळी लावून उघडं, आणि मग तिने सांगितलं की गाय वाचली, वासरू नाही. त्यानंतर ती तिच्या स्वतःच्या आजारपणाबद्दल बोलली, जे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. ते इथे लिहीत नाही. पण एवढं लिहिते की ती आता बरी आहे, आणि घरात सगळे असताना ते बोलता आलं नसतं असं तीच म्हणाली. गाडी अंगणात होती, घरापासून चार पावलांवर, पण तेवढी चार पावलं लागतात कधीकधी.

दापोलीची तिसऱ्या दिवशी फेरीने परत गेली, मिस्टर पलीकडे दाभोळला स्कूटर घेऊन आले होते. बाग ठीक होती. आम्ही चिपळूणवरून कुंभार्ली घाटाने वर चढलो, पाटण, कराड आणि पुणे.

पुढचं ठरलंय. पावसाळा संपला आणि बोटी नीट चालू झाल्या की दिवाळीनंतर सगळ्यांनी दापोलीला जमायचं, आम्ही जाताना श्रीवर्धनहून तिला उचलणार. तिचा प्रश्न एकच होता, सासूबाईंना एकटं कसं सोडू. तर तिने भीत भीत विचारलं त्यांना, आणि काकूंनी विचारलं की गाडीत मांजर असणार आहे का. असणार असेल तर मी पण येते म्हणाल्या. नवरा आता पुढच्या सीटला गुडघ्याशी गरम लागू नये म्हणून जाड रबरी मॅट शोधतोय, आणि काकूंना चढायला एक छोटा लाकडी पाट करायला टाकलाय.